‘घरी घेऊन जा, सेवा करा’ म्हणता, पण कशी?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि आरोग्य विभागातील सर्व वरिष्ठ अधिकारी

विषय : तालुक्याच्या ठिकाणी मॉर्फिन (तीव्र वेदना शमवणारं औषध) आणि घरी येऊन पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणारी सेवा) देणारी व्यवस्था उभी करण्याबाबत

महोदय,

सादर नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गेल्या वर्षी माझे वडील, आमचे अण्णा, गालाच्या कॅन्सरने गेले. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, केमो झाली. आजार परतला तेव्हा डॉक्टरांनी फाइल मिटली आणि म्हणाले, ‘आता घरी घेऊन जा, सेवा करा.’ त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. बाहेर पन्नास माणसं उभी होती. पण ‘सेवा करा’ म्हणजे नक्की काय करा, हे त्या दिवशी आम्हाला कुणीही सांगितलं नाही. जवळ डिस्चार्ज कार्ड, नाकातली नळी आणि साध्या वेदनाशामक गोळ्यांची एक पट्टी, एवढं घेऊन आम्ही रात्रीच्या एसटीने गावी आलो.

त्यानंतरचे एकोणीस दिवस मी आपल्याला सांगणार आहे, कारण माझी मागणी त्या दिवसांतूनच आलेली आहे.

अण्णांचं तोंड उघडत नव्हतं. बोलणं गेलं होतं. गालाची जखम बाहेरून फुटली आणि तिला वास सुटला. माझ्या मुलीचा आजोबांवर फार जीव. ती जवळ आली की ते हाताने तिला लांब सारायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे, तिला वास येऊ नये म्हणून. रात्री टॉवेलचा बोळा मुठीत धरून बसून राहायचे. आडवं झालं की ठणका वाढायचा. गोळीचा अंमल तासाभरात उतरायचा आणि पुढची गोळी सहा तासांनी. मधल्या पाच तासांत आम्ही त्यांच्यासमोर बसून राहायचो, दुसरं काही करता येत नव्हतं. जखमेवरची पट्टी बदलताना ती मांसाला चिकटलेली असायची आणि आम्ही ती ओढून काढायचो. हे आम्ही आमच्या हातांनी केलं. आजही पट्टी दिसली की माझे हात थांबतात.

मी तालुक्याला गेले. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, ‘ताई, यांना मॉर्फिन लागेल. पण आमच्याकडे ते नाही, मला ते लिहायचं प्रशिक्षणही नाही, आणि उद्या एका गोळीचा हिशेब चुकला तर चौकशी माझ्या मागे लागेल.’ जिल्ह्याला गेले. साठा नव्हता, मागणी गेली आहे की नाही हे कुणाला माहीत नव्हतं. मेडिकलवाल्याने नाव ऐकलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विष मागत होते. शेवटी एका नातेवाइकाने सांगितलं म्हणून आम्ही एकशे चाळीस किलोमीटरवरच्या शहरात एका कॅन्सर रुग्णालयाच्या पॅलिएटिव्ह ओपीडीत पोचलो.

तिथल्या सिस्टरने आम्हाला पाऊण तास दिला. त्या पाऊण तासात अण्णांचे शेवटचे दोन महिने बदलले.

तिने सांगितलं, पट्टी कोरडी कधीही ओढायची नाही. पाणी उकळून गार करायचं, लिटरभर पाण्यात दोन लहान चमचे मीठ घालायचं, त्या पाण्याने पट्टी भिजवायची आणि ती आपोआप सुटेपर्यंत थांबायचं. वासासाठी मेट्रोनिडॅझोलची साधी गोळी, कुठल्याही सरकारी दवाखान्यात मिळणारी, कुटून तिची पूड जखमेवर भुरभुरायची. दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे पाठीला जखमा पडत नाहीत. आणि मॉर्फिन. छोटी गोळी, पाण्यात विरघळवून नळीतून. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मधे उठावं लागणार नाही. दुखायला लागल्यावर नाही, घड्याळ पाहून द्यायची. सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. मी हे सगळं मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

दोन दिवसांत वास गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी मुलीची पाटी मागून घेतली आणि लिहिलं, ‘झोप लागली.’ त्या दिवशी त्यांनी नातीला जवळ बसवून तिचे पाढे तपासले.

महोदय, यात महागडं काय होतं? मीठ, पाणी, दोन स्वस्त गोळ्या आणि शिकलेल्या माणसाचा पाऊण तास. यातलं काहीही तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मिळू शकलं असतं. ते एकोणीस दिवस आजारामुळे तसे गेले नाहीत. ते आपल्या व्यवस्थेत या कामाला धनी नसल्यामुळे तसे गेले. हीच गोष्ट मला आपल्यासमोर मांडायची आहे.

कारण कागदावर सगळं आहे. केरळने २००८ साली देशातलं पहिलं पॅलिएटिव्ह केअर धोरण आणलं आणि त्यानंतर २०१२ मध्ये आपल्या महाराष्ट्राने. त्याच वर्षी केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात प्राथमिक आरोग्यसेवेत पॅलिएटिव्ह केअर धरली आहे. ज्यांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात त्या केंद्रांतून द्यायच्या बारा सेवांमध्ये वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह सेवा आहे. आमच्या गावच्या उपकेंद्राच्या भिंतीवरही ती रंगवलेली आहे. मी अण्णांसाठी औषध शोधत फिरत होते तेव्हा त्या भिंतीवरून रोज जात होते.

मॉर्फिनची गोष्ट तर अधिकच सल देणारी आहे. आपला देश अफूची कायदेशीर शेती करणाऱ्या मोजक्या देशांपैकी एक. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्याने ती पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. मॉर्फिन याच अफूपासून बनतं. पण १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आला आणि त्यात किमान दहा वर्षांची शिक्षा होती. एकेका खरेदीसाठी वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने लागत आणि सगळ्यांच्या मुदती जुळल्या तरच औषध यायचं. रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडून दिलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत वैद्यकीय वापर कोसळला आणि मॉर्फिन न हाताळलेल्या डॉक्टरांच्या पिढ्या बाहेर पडल्या. तालुक्याच्या त्या डॉक्टरांच्या मनातली भीती त्यांची एकट्याची नाही, ती त्या कायद्याने पेरलेली आहे.

ती चूक संसदेने २०१४ मध्ये दुरुस्त केली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन ही सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली. २०१५ च्या नियमांनी चार-पाच परवान्यांच्या जागी एकच मान्यता आणली, तीही राज्याच्या औषध नियंत्रकाकडून. रुग्णालयाने अर्ज करायचा, वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर दाखवायचा, नोंदवही ठेवायची आणि दर वर्षी नोव्हेंबरअखेर पुढच्या वर्षी किती औषध लागेल त्याचा अंदाज कळवायचा. एवढंच. दिल्लीला जायचं नाही, उत्पादन शुल्काच्या दारात उभं राहायचं नाही. म्हणजे कुलूप निघून इतकी वर्षं झाली, आणि माझ्यासारखी माणसं अजून बंद दारावर हात मारत आहेत, कारण आत जाऊन दिवा लावायचं काम कुणाच्याच नावावर नाही.

म्हणून माझी पहिली मागणी फार साधी आहे. राज्यात आज कोणकोणत्या रुग्णालयांना ही मान्यता आहे, त्यांच्याकडे मॉर्फिनच्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या आहेत का, आणि ती लिहून देणारा डॉक्टर कोण, ही यादी जिल्हावार जाहीर करा. संकेतस्थळावर टाका, प्रत्येक आशाताईच्या फोनमध्ये द्या. मी तीन ठिकाणी हेलपाटे घातले ते केवळ ही यादी कुणाकडे नव्हती म्हणून. यादी केली की पोकळ जागा आपल्यालाही दिसतील. त्या जागी आधी उपजिल्हा रुग्णालयं, मग ग्रामीण रुग्णालयं, असं करत अर्ज तयार करून घ्या. अर्ज करायचं काम त्या बिचाऱ्या एकट्या वैद्यकीय अधिकाऱ्यावर सोडलं, तर तो कधीच होणार नाही. त्याच्यामागे शवविच्छेदन आहे, बाळंतपणं आहेत, साप चावलेली माणसं आहेत. आरोग्य विभाग आणि अन्न व औषध प्रशासन यांनी एका टेबलावर बसून, जिल्ह्याला एक दिवस देऊन, सगळ्यांचे अर्ज एकदम मार्गी लावावेत.

मॉर्फिन सैल सोडा असं मी म्हणत नाही. व्यसनाने घर बसताना मी पाहिलेलं आहे, आणि नोंदवहीचं मोलही मला कळतं. आम्हाला प्रत्येक वेळी रिकाम्या पट्ट्या परत नेऊन दाखवाव्या लागत आणि त्यात मला काहीच गैर वाटलं नाही. पण हिशेब ठेवता येतो म्हणून औषध ठेवायचं, की हिशेब ठेवावा लागतो म्हणून औषधच नको म्हणायचं, हे आपण ठरवायचं आहे.

दुसरी मागणी माणसांची. आपल्याकडे ज्ञान नाही असं नाही. देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या काळातल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झालं. पुण्याला वारज्याचं सिप्लाचं केंद्र १९९७ पासून रुग्णांची सेवा करतं आणि डॉक्टर-नर्सना शिकवतं. टाटा मेमोरियलमध्ये या विषयात एमडी करता येतं. पण मुंबई-पुण्यातली ही शिदोरी आमच्यापर्यंत पोचत नाही. शहराबाहेर ती पोचवायची तर प्रत्येक तालुक्यात किमान एक डॉक्टर आणि दोन नर्स प्रशिक्षित हव्यात, आणि त्यांतली एक नर्स फक्त याच कामाची हवी. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर नको. कंत्राट संपलं की नर्स जाते, तिच्याबरोबर सगळ्या घरांची ओळख जाते. मरणाच्या वाटेवरच्या माणसाला दर वर्षी नवा चेहरा देऊ नये.

या नर्सने घरी यायला हवं. हे मी ठासून सांगते. शेवटच्या आठवड्यांत माणसाला जीपमध्ये घालून तालुक्याला नेणं हा त्याचा छळ आहे, आणि घरच्यांची दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. केरळमध्ये १९९३ ला कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी एक छोटं क्लिनिक सुरू केलं. १९९९ नंतर शेजारपाजारची माणसंच त्यात उतरली. शिक्षक, रिक्षावाले, गृहिणी थोडं शिकून आठवड्यातले काही तास देऊ लागले. २००८ च्या धोरणानंतर तिथल्या पंचायतींनी घरोघर जाणाऱ्या नर्सचा खर्च उचलला. लोक ‘केरळ पॅटर्न’ म्हणतात आणि तो जसाच्या तसा उचलावा म्हणतात. तसं करू नका, एवढं मी शाळेच्या अनुभवावरून सांगते. तिथे ९४१ ग्रामपंचायती आहेत, आपल्याकडे सत्तावीस हजारांहून जास्त. तिथली पंचायत हजारो लोकवस्तीची असते, आमच्या ग्रामपंचायतीला पाणीपट्टीतून मोटारीचं बिल भागवता येत नाही. आपल्याकडे हे काम जिल्हा परिषदेने आणि पंचायत समितीने अंगावर घ्यायला हवं, गाडी आणि नर्स तालुक्याची हवी. गडचिरोलीत, मेळघाटात, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर गाडीही पोचणार नाही. तिथे उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यालाच हे शिकवावं लागेल आणि तालुक्याचा डॉक्टर फोनवर हवा.

आणि आशाताई. आमची आशा संध्याकाळी तिचं घरचं उरकून यायची. अण्णांची नखं तिने कापली, केस तिने धुतले. एकदा मी विचारलं, याचे तुला काही मिळतात का? ती म्हणाली, ‘ताई, लसीचे मिळतात, बाळंतपणाचे मिळतात. याचा रकाना नाही.’ राज्यात सत्तर हजारांच्या आसपास आशा आहेत. तोंडात फोड आहे का, छातीत गाठ आहे का, हे तपासून अर्ज भरायचं काम त्यांच्याकडे आहेच. तपासणीत जे उशिरा सापडतात त्यांचं पुढे काय, हा प्रश्न गावात त्यांनाच विचारला जातो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी केलेल्या प्रत्येक भेटीचा रकाना त्यांच्या मोबदल्याच्या तक्त्यात यायलाच हवा.

आता पैशाचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेलं आणि ती सगळ्या कुटुंबांना खुली केली. हे मोठं काम झालं, अण्णांचं ऑपरेशन त्यातूनच झालं आणि त्याबद्दल मी मनापासून आभार मानते. पण योजनेची सगळी मांडणी भरती आणि पॅकेज यांवर आहे. कॉटवर माणूस असेल तर पैसा आहे, तोच माणूस घरच्या बाजेवर असेल तर नाही. याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला. आजार परतल्यावर आम्हाला एका ठिकाणी सांगण्यात आलं, ‘अजून एक केमो देऊ, योजनेत बसते.’ कशासाठी, त्याने काय होईल, किती दिवस वाढतील, यावर उत्तर नव्हतं. अण्णांनीच मानेने नकार दिला. घरच्या भेटी, जखमेचं सामान, हवेची गादी, डायपर, नळी बदलणं यांचं एक छोटं मासिक पॅकेज योजनेत आणा. ते भरतीच्या एका दिवसापेक्षा फार मोठं होणार नाही असं मला वाटतं, आणि त्यामुळे कित्येक फुकटच्या भरत्या टळतील.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कर्करोगाचा रुग्ण बसतो, पण अर्ज, दाखले, तलाठी, मग समितीची बैठक. आमच्या शेजारच्या गल्लीतल्या एका बाईंचं मंजुरीचं पत्र आलं तेव्हा त्यांचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. ज्याचे दिवस मोजके आहेत त्याचा अर्ज पंधरा दिवसांत निकाली निघावा, एवढा आदेश काढायला काही अडचण नसावी.

मी कॅन्सरबद्दल लिहिते आहे कारण तो माझ्या घरात आला. पण त्या ओपीडीच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या एका मावशींना कॅन्सर नव्हता. त्यांच्या यजमानांना अर्धांग होऊन चार वर्षं झाली होती. फुफ्फुसं निकामी झालेले, मूत्रपिंड गेलेले, डायलिसिस परवडेना म्हणून सोडलेले, स्मृती गेलेली म्हातारी माणसं, जन्मतः आजारी मुलं, या सगळ्यांना हीच सेवा लागते, आणि ती शेवटच्या आठवड्यात नाही, आजार कळल्यापासून लागते. केमो चालू असतानाही दुखणं असतंच. ‘आता काही उरलं नाही’ असं म्हटल्यावरच पॅलिएटिव्हकडे पाठवायचं, ही सवय डॉक्टरांनीही सोडायला हवी. त्या विभागाच्या पाटीला लोक घाबरतात ते यामुळेच.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, जानेवारी २०२३ मध्ये शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायच्या इच्छापत्राची रीत सोपी केली. वर्तमानपत्रांत त्यावर बरीच चर्चा झाली. त्या एकोणीस दिवसांत अण्णांनी एकदा मला पाटीवर लिहून दाखवलं होतं, ‘मला सोडव.’ मॉर्फिन सुरू झाल्यावर त्यांनी ते पुन्हा कधी लिहिलं नाही. सोडवा म्हणणाऱ्या माणसाला आधी वेदनेतून सोडवून पाहिलं आहे का, हे आपल्या राज्यात विचारलं जायला हवं.

आपण हे करू शकता असं मला वाटतं, म्हणूनच लिहिते आहे. कायदा झालेला आहे, धोरण आहे, उपकेंद्राची इमारत आहे, आशा आहे. प्रत्येक तालुक्यात एक नर्स, एक कुलपाचं कपाट आणि रात्री उचलला जाणारा एक फोन नंबर, एवढं जोडायचं आहे. आणि दर वर्षी विधिमंडळात सांगा, किती तालुक्यांत हे सुरू झालं, किती रुग्णांच्या घरी नर्स पोचली, किती मॉर्फिन वापरलं गेलं. जे विधिमंडळात विचारलं जातं ते खाली हलतं, हे सरकारी नोकरीत मी शिकले आहे.

अण्णा गेले त्यानंतर तेरावं उरकून मी उरलेल्या गोळ्या परत द्यायला त्या शहरात गेले. तेवीस होत्या. सिस्टरने त्या माझ्यासमोर मोजल्या, वहीत लिहिल्या, माझी सही घेतली. मग पेन ठेवलं, खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, ‘शेवटी त्रास झाला का त्यांना?’ मी म्हणाले, नाही. तिने विचारलं, ‘आणि तू जेवतेस का नीट?’ तोवर हे मला कुणी विचारलं नव्हतं. या वर्षीच्या नोव्हेंबरअखेर माझ्या तालुक्याच्या रुग्णालयातून मॉर्फिनच्या मागणीचा कागद गेला की नाही, हे मी स्वतः जाऊन विचारणार आहे. तो गेलेला असावा, अशी व्यवस्था त्याआधी आपण करावी, ही कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
जिल्हा परिषद शाळेतील एक शिक्षिका